कठड्याबाहेरची दिल्ली

दिल्ली पाहायला निघालात की एक प्रश्न सोबत घ्या. या वास्तूत माझ्यासारख्या माणसाला कुठवर जाता येत होतं? किल्ला कोणी बांधला, कधी बांधला, दगड कुठून आणला, हे सगळं पाटीवर लिहिलेलं असतं. तुमची जागा मात्र कुठल्याच पाटीवर नसते. ती शोधायची तर त्या त्या काळात जाऊन, त्या गर्दीतलं एक माणूस होऊन उभं राहावं लागतं. म्हणून आज तिकीट काढून आत शिरण्याआधी सुमारे तीनशे पंचाहत्तर वर्षं मागे चला.

१६४८ : नौबतखान्याच्या दाराशी

तुम्ही बऱ्हाणपूरचे विणकर आहात. खानदेश मोगलांचा सुभा. १६३०-३२ च्या दुष्काळानं तुमचं अर्धं घर नेलं. उरलेल्यांनी माग पुन्हा उभे केले. आता जकातीचा जाच सोसवेना, म्हणून गल्लीतल्या साऱ्या विणकरांचा एक अर्ज कमरेला बांधून तुम्ही शाहजहानाबादेत, म्हणजे दिल्लीत, पोचला आहात.

लाल किल्ल्याची वालुकाश्माची तटबंदी समोर उभी आहे. पाया १६३९ साली घातला, आणि शाहजहान बादशहानं नुकताच नव्या महालांत प्रवेश केला आहे. लाहोरी दरवाजा अगदी उघडा दिसतो. त्याच्या पुढ्यातली आडभिंत औरंगजेब पुढे बांधील. तुम्ही दरवाज्यातून आत जाता आणि एका छताखालच्या बाजारात येता. दोन्ही अंगांना दुकानं, रेशीम, जडजवाहीर, अत्तरं. एका दुकानात तुमच्याच गावचं जरीकाठी कापड टांगलेलं आहे. ते तुमच्या हातचं असेल, पण भाव विचारायची छाती होत नाही.

बाजार संपतो तिथे नौबतखाना. वर नगारे आणि सनया झडतात. खाली घोडे थांबतात, पालख्या टेकतात. शाहजाद्यांखेरीज कोणीही इथून पुढे वाहनात बसून जायचं नाही, असा दंडक आहे. तुमच्याजवळ घोडाच नाही, त्यामुळे निदान या एका ठिकाणी तुम्ही आणि उमराव सारखेच पायी चालता.

पुढच्या विस्तीर्ण चौकात दिवाण-ए-आम. दर्शनी बाजूला नऊ कमानी. मागच्या भिंतीत उंचावर बादशहाचं आसन, त्यावर बंगाली घराच्या छपरासारखं वाकदार संगमरवरी छत्र. आसनामागच्या काळ्या दगडी पट्ट्यांवर रंगीत पक्षी जडवलेले आहेत, पण इतक्या लांबून तुम्हाला फक्त रंगाचे ठिपके दिसतात. माणसं दर्जाप्रमाणे उभी आहेत. चांदीच्या कठड्याच्या आत बडे मनसबदार, बाहेर कनिष्ठ, आणि त्याही बाहेर उन्हात तुम्ही.

अर्ज एका हातातून दुसऱ्या हातात सरकत जातो. आसनाच्या खाली संगमरवराचा एक चौथरा आहे. तिथे वजीर उभा राहून अर्ज घेतो आणि वर ऐकवतो. तुमचं नाव पुकारलं जातं की नाही, हेसुद्धा तुम्हाला नीट ऐकू येत नाही. अर्ज पोचतो. तुम्ही पोचत नाही.

१७६० : चांदीच्या छताखाली

ऑगस्ट महिना. यमुना दुथडी भरून वाहते आहे, अब्दाली पलीकडच्या मुलखात तळ देऊन बसला आहे, आणि तुम्ही सदाशिवरावभाऊंच्या फौजेतले बारगीर आहात. किल्ला हाती आला आहे. तुम्ही नौबतखान्यातून ताठ मानेनं आत जाता. अडवणारं कोणी उरलेलं नाही. विणकर जिथे थांबला होता तो चौक ओलांडता आणि थेट दिवाण-ए-खासमध्ये शिरता.

पांढऱ्या संगमरवरी खांबांवर दगडात दगड बसवून फुलं काढली आहेत. मधून पाण्याचा पाट जातो. इथे मयूरासन होतं. १७३९ साली नादिरशहानं ते उचलून इराणला नेलं. १७५७ साली अब्दालीनं शहर धुऊन नेलं. आता उरलं आहे ते वर पाहिल्यावर दिसतं. छत चांदीनं मढवलेलं आहे.

“गड्या, पोटाला दाणा नाही अन् डोईवर चांदीचं आभाळ!” शेजारचा बारगीर म्हणतो. त्यात लोभाचा सूर नाही. पगार थकले आहेत, घोड्यांना चंदी नाही, हिंदुस्थानातून वसूल येत नाही, पुण्याहून पैसा निघत नाही. भाऊंच्या हुकमानं छताची चांदी उतरवली जाते आणि तिचे रुपये पाडले जातात. फौजेचं भागतं, पण फार दिवस नाही. सूरजमल जाटाला ही गोष्ट रुचत नाही, आणि थोड्याच दिवसांत तो साथ सोडून निघून जातो.

त्या दालनात क्षणभर थांबा. बऱ्हाणपूरच्या विणकराला जी जागा स्वप्नातही दिसली नाही, तिथे तुम्ही चिखलाच्या पायांनी उभे आहात. पण ही जागा तलवारीनं दिली आहे, आणि तलवारीनं दिलेली जागा तलवार थकली की जाते. साडेपाच महिन्यांत, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर तुमच्या आजूबाजूचे बहुतेक चेहरे नाहीसे होतील.

मराठे परत येतील. १७७२ साली महादजी शिंदे शाहआलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर आणून बसवतील. १७८४ साली बादशहा पेशव्यांना वकील-ए-मुतलक करील आणि त्यांच्या वतीनं सारा कारभार महादजींच्या हाती येईल. मधली खळबळ वजा करता १८०३ पर्यंत दिल्लीवर शिंद्यांचा शब्द चालेल. मराठी माणसाचा ऊर हे वाचून भरून येतो, आणि तो भरून यावाच. दख्खनच्या खेड्यांतून निघालेली माणसं इथवर आली, हे लहान कर्तृत्व नाही. तरीही दिवाण-ए-आमच्या चौकात जाऊन पाहा. अर्जदार अजून उन्हातच उभा आहे. कठड्याच्या आतली माणसं बदलली, कठडा तसाच आहे.

१८५८ : शहराबाहेर

आता तुम्हाला आत जाता येत नाही. किल्ल्यात नाही आणि स्वतःच्या घरातही नाही. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि रहिवाशांना शहराबाहेर हाकललं. जानेवारीच्या थंडीत तुम्ही तटाबाहेर उघड्यावर दिवस काढता आहात. बातमी कानावर येते ती पहाऱ्यावरच्या शिपायांकडून. २७ जानेवारीपासून दिवाण-ए-खासमध्ये बादशहा बहादूरशहा जफरवर लष्करी खटला सुरू झाला आहे. ८२ वर्षांचा म्हातारा आपल्याच दालनात आरोपी म्हणून बसला आहे. ९ मार्चला तो दोषी ठरतो, मग रंगूनला हद्दपारी, आणि १८६२ साली तिथेच मृत्यू.

यानंतर किल्ल्यातले बहुतेक महाल पाडले जातात आणि त्यांच्या जागी गोऱ्या पलटणींच्या बराकी उभ्या राहतात. आज लाल किल्ल्यात मोठमोठी हिरवळ पाहून किल्ला ऐसपैस वाटतो. त्यातली बरीच मोकळी जागा या पाडापाडीतून झाली आहे.

१९२९ : गॅलरीतून

किल्ल्याच्या दक्षिणेला नवी राजधानी उभी राहते आहे. रायसीना आणि मालचा गावांच्या जमिनी तिच्याखाली गेल्या. तुम्ही धोलपूरकडचे पाथरवट आहात. तुमच्याच भागातला दगड तुम्ही इथे घडवता. वर्षानुवर्षं दगडाची भुकटी छातीत जाते. टेकडीवर व्हाइसरॉयचं ३४० खोल्यांचं घर चढत जातं. त्याच्या घुमटात वास्तुकार लुट्यन्सनं सांचीच्या स्तूपाचा आकार घेतला आहे. खालच्या चौकाजवळ येऊ लागलात की हे घर हळूहळू रस्त्याच्या उंचवट्यामागे बुडतं, आणि चढ चढून वर गेल्यावरच पुन्हा पुरतं दिसतं. या चढावरून लुट्यन्स आणि त्याचा सहकारी वास्तुकार हर्बर्ट बेकर यांचं वाकडं आलं. तुम्हाला त्या भांडणाशी कर्तव्य नाही. घर पुरं झालं की तुमची हजेरी संपते आणि फाटक बंद होतं. सचिवालयाच्या दारावर इंग्रजीत एक उपदेश कोरला आहे. स्वातंत्र्य आपोआप उतरून येत नाही, लोकांनी आधी त्याच्या लायक व्हावं लागतं, असा त्याचा भाव. छिन्नी धरणाऱ्यांना तो वाचता येत नव्हता.

जवळच गोल इमारत, बाहेरच्या वऱ्हांड्याला १४४ खांब. १८ जानेवारी १९२७ रोजी लॉर्ड आयर्विननं तिचं उद्घाटन केलं. ८ एप्रिल १९२९ रोजी तुम्ही तिथे येता ते एका कचेरीतले कारकून म्हणून. ओळखीनं पास मिळाला आहे. विधिमंडळाच्या प्रेक्षक गॅलरीत बसायचं, खाली पाहायचं, बोलायचं नाही. खाली तुमच्या देशाचे कायदे होत आहेत, आणि सभागृहाचं मत काहीही असो, शेवटचा शब्द व्हाइसरॉयचा आहे.

अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर निर्णय द्यायला उठतात. तेवढ्यात गॅलरीतून काहीतरी खाली पडतं. कानठळ्या बसतात. पुन्हा एकदा. धूर, पळापळ, आणि धुरातून तरंगत येणारी पत्रकं. बहिऱ्या सरकारला ऐकू जावं म्हणून हा आवाज, असं त्यांत म्हटलं आहे. बाँब मुद्दाम रिकाम्या जागी टाकले आहेत, कोणी दगावत नाही. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त पळत नाहीत. घोषणा देत जागेवर उभे राहतात आणि स्वतःला पकडू देतात. गप्प बसण्यासाठी दिलेल्या जागेतून ते बोलले आहेत.

१९३१ : न सापडणारं नाव

साताऱ्याकडच्या एका खेड्यातून तुम्ही आला आहात. तुमचा थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होता. मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापून खायची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेनं शरणागती पत्करली. त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले. भाऊ परतला नाही. गावात सरकारनं संगमरवरी पाटी बसवली. गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच तिच्यावर हिशोब आहे.

१२ फेब्रुवारी १९३१ रोजी दिल्लीत युद्धस्मारकाचं अनावरण झालं. ४२ मीटर उंचीची ही कमान, पुढे सारे तिला इंडिया गेट म्हणू लागले. सत्तर हजारांवर हिंदी सैनिकांची ही आठवण. भिंतींवर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत. तुम्ही मान वर करून ओळीमागून ओळ पाहता. अक्षर येणारा एक पोरगा सोबत आणला आहे, तो मोठ्यानं वाचतो. भावाचं नाव सापडत नाही. सापडणारही नाही. इथली बहुतेक नावं वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. मेसोपोटेमियातल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथल्या भिंतींवर अंमलदारांची नावं कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा लिहिला.

म्हणजे मेल्यावरही कठडा होताच. भाऊ गावच्या पाटीवर एक आकडा आहे आणि बसऱ्यात दुसऱ्या आकड्यातला एक. त्याचं नाव फक्त आईच्या तोंडी उरलं.

१९४५ आणि १९४७ : दरवाज्यासमोर

नोव्हेंबर १९४५. लाल किल्ल्यात पुन्हा खटला उभा आहे. जफरच्या खटल्याला ८७ वर्षं झाली. आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ आरोपी आहेत. तुम्ही कॉलेजातले विद्यार्थी, रस्त्यावरच्या गर्दीत. आत भुलाभाई देसाई मांडत आहेत की गुलाम देशाला स्वातंत्र्यासाठी लढण्याचा हक्क आहे, आणि असं लढणारा सैनिक गुन्हेगार ठरत नाही. बाहेर तीन धर्मांच्या त्या तीन नावांची एकच घोषणा झाली आहे. ३१ डिसेंबरला न्यायालय जन्मठेपेची शिक्षा ठोठावतं आणि काही दिवसांत सरसेनापती ऑकिनलेकला ती माफ करावी लागते. जफरच्या खटल्यात लोक शहराबाहेर फेकले गेले होते. या वेळी ते दाराशी होते, आणि निकाल दाराबाहेरच्यांनी फिरवला.

१६ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी तुम्ही त्याच दरवाज्यासमोर आहात. पंडित नेहरू तटावर तिरंगा चढवतात. पुढे दर वर्षी हा सोहळा १५ तारखेला होईल, पण किल्ल्यावरचा पहिला तिरंगा १६ चा. गर्दी एवढी की पाय हलवायला जागा नाही, आणि कोणी कोणाचा दर्जा विचारत नाही.

१९४९ : तळ्यावरून सभागृहात

२५ नोव्हेंबर. तुम्ही परळच्या गिरणीतले कामगार आहात, एका सभासदाच्या चिठ्ठीवर संविधान सभेच्या प्रेक्षक गॅलरीत बसला आहात. खाली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहतात, आणि तुमच्या डोळ्यांसमोर दोन तारखा येतात. जानेवारी १९२७ मध्ये या गोल इमारतीचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी २० मार्चला महाडात याच माणसाला चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी हजारोंना घेऊन सत्याग्रह करावा लागला. जनावरांना मोकळं असलेलं तळं अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना बंद होतं. या देशातला सर्वांत जुना कठडा दिल्लीच्या किल्ल्यात नव्हता, तो गावोगावच्या पाणवठ्यावर होता. तो ज्यांनी अंगावर सोसला, ते आता देशाच्या राज्यघटनेचा मसुदा सभेच्या हवाली करत आहेत.

बाबासाहेब आनंदाचे ढोल वाजवत नाहीत. २६ जानेवारीपासून राजकारणात आपण समान होऊ, पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता तशीच राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर ज्यांना विषमतेचे चटके बसतात ते ही सारी इमारत उधळून लावतील, असं ते बजावतात. राजकारणात कोणा एका थोर पुरुषाच्या पायी स्वातंत्र्य वाहू नका, हेही सांगतात. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, सभा घटना स्वीकारते. २४ जानेवारी १९५० रोजी सभासद सह्या करतात. प्रेमबिहारी नारायण रायजादांच्या सुलेखनातल्या त्या प्रतीला नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी चित्रांनी सजवलं. तिच्यात शिवछत्रपतींचंही चित्र आहे.

चित्रापेक्षा मोठी गोष्ट आतल्या मजकुरात आहे. ही घटना कोणी बादशहानं किंवा व्हाइसरॉयनं बहाल केलेली नाही, ती लोकांच्या नावानं लोकांनी स्वतःला दिली आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार नोंदले जातात. बऱ्हाणपूरचा विणकर, पानिपताचा बारगीर, धोलपूरचा पाथरवट, साताऱ्याची माय, साऱ्यांचे वंशज त्या यादीत आहेत, आणि ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी मतपेट्यांवर चिन्हं आहेत.

आज : कठडा कुठे आहे

आता आजच्या दिल्लीत या. इंडिया गेटच्या पलीकडे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे, २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालेलं. वर्तुळात वर्तुळ अशी चार चक्रं. त्याग चक्रात उभ्या भिंतींवर प्रत्येक शहीद सैनिकाची स्वतःची पट्टी आहे. शिपाई असो की अधिकारी, पट्टी सारखीच. परमवीरचक्र मिळवलेल्यांचे पुतळे बाजूला आहेत. त्यांत कारवारकडचे रामा राघोबा राणे भेटतील, १९४८ साली नौशेराच्या पुढे गोळीबारात सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून देणारे. कूतमध्ये हरवलेल्या भावाचं नाव इथेही नाही, कारण हे स्मारक स्वतंत्र भारताच्या सैनिकांचं आहे. पण साध्या शिपायाला आकड्यात बुडवायचं नाही, एवढं आपण शिकलो, हे इथे डोळ्यांना दिसतं.

मग सोमवार सोडून कुठल्याही दिवशी लाल किल्ल्यात जा. नौबतखान्यातून चालत जा, दिवाण-ए-आमच्या कमानींखाली उभे राहा आणि आसनाकडे पाहा. मुलांना सांगा की इथे उभं राहायला एके काळी कोणाला परवानगी होती आणि कोणाला नव्हती. हे सांगितलं नाही तर मुलं किल्ल्याचा लाल रंग लक्षात ठेवतील आणि त्या किल्ल्याबाहेर उन्हात थांबलेल्या आपल्याच पूर्वजांना विसरतील.

दिल्लीहून परतताना हा प्रश्न तिथेच ठेवून येऊ नका. तुमच्या तालुक्याच्या तहसील कचेरीत तो पुन्हा विचारा. तिथे एक खिडकी असते, तिच्यासमोर रांग असते, आणि रांगेतला म्हातारा सातबारासाठी तिसऱ्यांदा आलेला असतो. अर्ज आत जातो आणि माणूस बाहेर राहतो. फरक इतकाच की आता ही स्थिती कायद्याला धरून नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं सरकारी कागद मागण्याचा, प्रत्यक्ष बसून तपासण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. तो मिळावा म्हणून महाराष्ट्रातल्या माणसांनी उपोषणं केली. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखला किती दिवसांत द्यायचा ही मुदत ठरवली आहे, आणि तो दिला नाही तर अपिलाची सोय केली आहे. १५ ऑगस्टला झेंडावंदन होतं, तशी गावात ग्रामसभाही भरते, आणि तिथे मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण सभासद असतो. तिथे मागच्या भिंतीला टेकून उभे राहू नका. पुढे येऊन बसा, गावच्या खर्चाचा हिशोब मागा, आणि शेजारच्या वस्तीतलं जे माणूस संकोचानं दाराबाहेर थांबलं आहे, त्याला हाताला धरून आत आणा.